चार महिने वर्गात, चार महिने कामावर

अभियांत्रिकीची पदवी घेऊन नोकरीला लागलेला तरुण पहिले काही महिने काय करतो, या प्रश्नाचे आपल्याकडचे उत्तर ठरलेले आहे : तो पुन्हा वर्गात जाऊन बसतो. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील मोठ्या कंपन्यांनी त्यासाठी स्वतंत्र संकुलेच उभारली. इन्फोसिसचे म्हैसूर येथील प्रशिक्षण केंद्र हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. चार वर्षे महाविद्यालयात काढून आलेल्या पदवीधराला तेथे वसतिगृहात ठेवून, शिकवून, परीक्षा घेऊन मगच कामावर पाठवले जाते. कारखानदारीतही ‘ग्रॅज्युएट ट्रेनी इंजिनीअर’ या भारदस्त नावाखाली पहिले वर्ष उमेदवारीतच जाते. पदवी देणाऱ्या संस्थेने जे शिकवावे ते पगार देणाऱ्याने शिकवायचे, ही व्यवस्था आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटेनासे झाले आहे.

मोठ्या कंपनीला हा खर्च परवडतो. भोसरी, अंबड किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या वीस-पंचवीस कामगारांच्या कारखान्याला तो परवडत नाही. त्यामुळे तेथे नवख्या पदवीधराला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘अनुभव आहे का?’ असा. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, या फेऱ्यात दरवर्षी हजारो मुले अडकतात. त्यांपैकी अनेकांच्या घरी शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात.

हा फेरा पदवी हातात पडण्याच्या आधीच तोडता येईल काय, याचे एक उत्तर कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्याशाखेने दिले आहे. तेथील प्रत्येक अभियांत्रिकी विद्यार्थ्याला पदवीच्या काळातच एकूण दोन वर्षांपर्यंत पगारी नोकरी करावी लागते. ती ऐच्छिक नाही. तिच्याशिवाय पदवी मिळत नाही. ‘को-ऑपरेटिव्ह एज्युकेशन’ किंवा सुटसुटीत ‘को-ऑप’ या नावाने ही पद्धत ओळखली जाते. आपल्या सहकारी साखर कारखान्यांशी तिचा संबंध नाही. विद्यापीठ आणि उद्योग यांनी मिळून शिकवायचे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

सिनसिनाटीतील सत्तावीस विद्यार्थी

मूळ कल्पना वॉटर्लूची नव्हे. तिचा जनक हर्मन श्नायडर हा अमेरिकी अभियंता. लीहाय विद्यापीठात तो शिकत असताना पोटासाठी कामही करत होता. पुढे तेथेच शिकवू लागल्यावर त्याच्या लक्षात आले की, पदवीनंतर चांगली कामगिरी करणाऱ्यांपैकी बहुतेक जण विद्यार्थिदशेत कोठे ना कोठे काम केलेले होते. मग ही गोष्ट योगायोगावर का सोडायची? अभ्यासक्रमातच का गुंफू नये? त्याने हा विचार मांडला, पण त्याला कोणी दाद दिली नाही. १९०३ साली तो सिनसिनाटी विद्यापीठात गेला. ओहायो नदीकाठचे हे शहर त्या काळी यंत्रसामग्री तयार करणाऱ्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. कारखानदारांना माणसे हवी होती. तेथे श्नायडरला अखेर संधी मिळाली आणि १९०६ मध्ये २७ विद्यार्थ्यांनिशी प्रयोग सुरू झाला.

योजनेतील खरी हुशारी वेळापत्रकात होती. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या जात. जोडीतील एक जण आठवडाभर वर्गात असे, तेव्हा दुसरा कारखान्यात त्याच यंत्रावर काम करी. पुढच्या आठवड्यात दोघांची अदलाबदल. कारखानदाराच्या दृष्टीने यंत्र कधीच रिकामे राहत नव्हते. कामगार एकच, फक्त दर सोमवारी त्याचा चेहरा बदले. विद्यापीठाच्या दृष्टीने तेवढ्याच वर्गखोल्यांत दुप्पट विद्यार्थी सामावत. महागडी यंत्रे विकत घेऊन ती काही वर्षांत जुनाट होऊ देण्याची आपत्तीही टळत होती, कारण चालू कारखाना हीच प्रयोगशाळा होती. पुढे आठवड्याची पाळी फार तोकडी वाटू लागली आणि ती लांबत गेली. पण दोन गटांनी आलटून पालटून एकच जागा भरून काढायची, हे तत्त्व आजही या पद्धतीचा कणा आहे.

टायर कारखान्यांच्या गावातील विद्यापीठ

टोरांटोपासून सुमारे १०० किलोमीटरवर किचनर आणि वॉटर्लू ही जुळी शहरे आहेत. जर्मन वंशाच्या लोकांनी वसवलेल्या किचनरचे नाव १९१६ पर्यंत बर्लिन होते; पहिल्या महायुद्धात ते अडचणीचे ठरले म्हणून बदलले. रबर, फर्निचर, चामडे, मद्यनिर्मिती आणि विमा असे नाना उद्योग तेथे होते. आपल्याकडच्या कोल्हापूर-इचलकरंजीसारखा हा स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला उद्यमी पट्टा. विद्यापीठ मात्र नव्हते. वॉटर्लू कॉलेज नावाची ल्युथरन पंथीयांची एक छोटी संस्था होती आणि १९५३ पासून तिचे अध्यक्षपद जेराल्ड हेगी यांच्याकडे होते. हे गृहस्थ मुळात प्राध्यापक नव्हते, बी. एफ. गुडरिच या टायर कंपनीच्या नोकरीतून ते आले होते. त्याच कंपनीच्या कॅनडातील शाखेचे अध्यक्ष आयरा नीडल्स यांनी ऑगस्ट १९५६ मध्ये स्थानिक रोटरी क्लबात एक भाषण केले. कॅनडाला दीड लाख अभियंत्यांची गरज भासणार आहे आणि प्रचलित पद्धतीने ते तयार होणार नाहीत, हा त्या भाषणाचा गाभा. शिक्षण आणि काम यांची सांगड घालणाऱ्या पर्यायाला त्यांनी ‘वॉटर्लू योजना’ असे नाव दिले.

जुलै १९५७ मध्ये तात्पुरत्या इमारतींत ७४ विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू झाले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, सोव्हिएत संघाने स्पुटनिक उपग्रह सोडला आणि अभियंत्यांच्या टंचाईची चर्चा सगळ्या पाश्चात्त्य जगात सुरू झाली. मुहूर्त साधला म्हणतात तो असा. १९५९ मध्ये संस्थेला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. जुन्या विद्यापीठांतील अनेकांना मात्र हा प्रकार पसंत नव्हता. कारखान्यात घालवलेल्या दिवसांना विद्येच्या हिशेबात धरायचे, ही कल्पनाच त्यांना पटत नव्हती. हा आक्षेप आपल्याही परिचयाचा आहे. हात काळे करणाऱ्याला इंजिनीअर न म्हणता मिस्त्री म्हणायचे, ही मनोवृत्ती काही समुद्रापलीकडचीच नव्हे.

आजची रचना अशी : पदवीसाठी चार-चार महिन्यांची आठ शैक्षणिक सत्रे आणि त्यांच्यामध्ये गुंफलेली सहा कार्यसत्रे. त्यांपैकी किमान पाच यशस्वीपणे पूर्ण करावी लागतात. त्यामुळे पदवीला चार वर्षे आठ महिने लागतात. वर्षाचे बाराही महिने हे चक्र चालते. प्रवेश घेतानाच विद्यार्थी दोनपैकी एका गटात जातो. एक गट पहिल्या चार महिन्यांच्या शिक्षणानंतर जानेवारीत कामावर जातो, दुसरा आठ महिने शिकून मे महिन्यात. म्हणजे कंपनीला एका गटाचे विद्यार्थी परत गेले की दुसऱ्या गटाचे मिळतात. ही श्नायडरचीच जोडी. फक्त आठवड्याच्या जागी चार महिने आले.

चार महिन्यांचे महत्त्व समजून घेण्यासारखे आहे. पंधरा दिवसांसाठी आलेल्या विद्यार्थ्याला कोणतीही कंपनी खरे काम देत नाही. त्याला यंत्रे दाखवली जातात, सुरक्षेची माहिती सांगितली जाते, चहा पाजला जातो आणि प्रमाणपत्र देऊन निरोप दिला जातो. महिनाभराच्या मुक्कामात तो कामाची पद्धत शिकतो आणि शिकून होते न होते तोच निघून जातो. कंपनीने शिकवण्यात घालवलेला वेळ वसूल व्हायला तीन-चार महिने लागतातच. मुक्काम तितका लांब असला म्हणजे कंपनी पगार द्यायला तयार होते, आणि पगार दिला म्हणजे काम करून घेतल्यावाचून राहत नाही. विद्यार्थ्याच्या शिक्षणाची हमी त्या पगारात असते.

नोकरी मिळते कशी?

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. विद्यापीठ विद्यार्थ्यांना नोकऱ्या ‘लावून’ देत नाही. ते बाजार भरवते. विद्यापीठाच्या संगणक प्रणालीवर दर सत्राच्या सुरुवातीला कंपन्या आपल्याकडील कामांच्या जाहिराती टाकतात. वर्ग चालू असतानाच विद्यार्थी अर्ज करतात आणि मुलाखती देतात. त्यांच्या अर्जासोबत विद्यापीठातील गुण तर जातातच, शिवाय आधीच्या कार्यसत्रांत वरिष्ठांनी दिलेला शेराही जातो.

मुलाखतींनंतरचा टप्पा आपल्या वाचकांना अभियांत्रिकी प्रवेशाच्या ‘कॅप’ फेऱ्यांची आठवण करून देईल. कंपनी मुलाखत घेतलेल्या उमेदवारांना पसंतीक्रम देते, उमेदवार कंपन्यांना पसंतीक्रम देतो. संगणक दोन्ही क्रमांकांची बेरीज करतो. जेथे बेरीज सर्वांत कमी तेथे जोडी जुळते. एखाद्या कंपनीने विद्यार्थ्याला दुसरा क्रमांक दिला आणि त्याने तिला पहिला दिला, तर बेरीज तीन. एकदा जोडी जुळली की ती दोघांनाही बंधनकारक. अधिक पगाराची नोकरी मिळाली म्हणून पहिली सोडून देणाऱ्या विद्यार्थ्याला परिणाम भोगावे लागतात. ज्यांना पहिल्या फेरीत काही मिळत नाही त्यांची धावपळ सत्र संपेपर्यंत चालू राहते. स्वतःच्या ओळखीने, बाहेरून नोकरी शोधून ती विद्यापीठाकडून मान्य करून घेण्याचीही मुभा आहे.

विशीही न गाठलेला विद्यार्थी या चक्रातून पाच-सहा वेळा जातो. अर्ज लिहिणे, नकार पचवणे, मुलाखतीत ‘हे मला येत नाही’ असे न घाबरता सांगणे, पगाराबद्दल बोलणे, अनोळखी गावात खोली शोधणे, यांपैकी काहीही कोणत्याच पाठ्यपुस्तकात नसते. आपल्याकडचा विद्यार्थी हे सारे पहिल्यांदा करतो ते अंतिम वर्षात, कॅम्पसमध्ये आलेल्या कंपनीसमोर, जेव्हा चूक करायला दुसरी संधी नसते.

पहिल्या कार्यसत्रातील काम बहुधा साधेच असते. सॉफ्टवेअरच्या चाचण्या घ्यायच्या, आराखड्यांतील दुरुस्त्या उतरवून काढायच्या, उत्पादनाची मोजमापे नोंदवायची. त्याबद्दल विद्यार्थी कुरकुर करतात. परंतु सत्रागणिक कामाची पातळी चढत जाते आणि चौथ्या-पाचव्या खेपेस विद्यार्थी नियमित अभियंत्याच्या तोडीचे काम करू लागतो. सत्राच्या मध्यावर विद्यापीठाचा प्रतिनिधी विद्यार्थी आणि त्याचे वरिष्ठ या दोघांशीही संपर्क साधतो. अखेरीस वरिष्ठ ठरावीक नमुन्यात मूल्यमापन करतो. ‘असमाधानकारक’पासून ‘असामान्य’पर्यंत त्याच्या श्रेणी आहेत. विद्यार्थ्याला आपल्या कामावर तांत्रिक अहवाल लिहावे लागतात. शिवाय व्यावसायिक लेखन, सहकाऱ्यांशी वागणूक, नीतिमत्ता अशा विषयांचे छोटे अभ्यासक्रम नोकरी सांभाळूनच पूर्ण करायचे असतात.

याचा वर्गावर होणारा परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. कामावर असताना ज्याने थरथरणाऱ्या पंपाशी चार महिने झुंज दिली आहे, तो परत आल्यावर कंपनांचा विषय वेगळ्याच कानाने ऐकतो. तो प्राध्यापकाला प्रश्न विचारतो, आणि ते प्रश्न प्रश्नसंचातील नसतात. जुनी झालेली उदाहरणे, बाजारातून गेलेली सॉफ्टवेअर अशा वर्गात फार काळ टिकू शकत नाहीत, कारण निम्म्या वर्गाने नवी पाहिलेली असतात. विद्यार्थी हाच अभ्यासक्रमाचा तपासनीस बनतो, आणि त्याला दर आठ महिन्यांनी नवी माहिती मिळते.

अंतिम वर्षात या साऱ्याची परीक्षा होते ती गटाने करायच्या प्रकल्पातून. विषय बहुधा विद्यार्थ्यांनीच शोधलेला असतो, कारण कोणत्या ठिकाणी काय अडते हे त्यांनी स्वतः पाहिलेले असते. तयार झालेली उपकरणे जाहीर प्रदर्शनात मांडली जातात. विद्यापीठाचे आणखी एक धोरण येथे कामी येते : विद्यापीठात लागलेल्या शोधाची मालकी विद्यापीठाकडे न जाता शोधकर्त्याकडे राहते. प्रकल्पातून उद्योग उभे राहण्याचे प्रमाण तेथे मोठे आहे, त्यात या धोरणाचाही वाटा आहे. ब्लॅकबेरी फोन बनवणारी रिसर्च इन मोशन ही कंपनी याच शहरात १९८४ मध्ये स्थापन झाली. तिचे एक संस्थापक माइक लझारिडिस हे वॉटर्लूचेच विद्यार्थी, अर्थात पदवी पूर्ण न करता बाहेर पडलेले. पुढे वर्षानुवर्षे ही कंपनी को-ऑपच्या विद्यार्थ्यांना कामावर घेत राहिली.

जाता जाता आणखी एक गोष्ट. कॅनडातील अभियंते पदवी घेताना करंगळीत लोखंडी किंवा पोलादी अंगठी घालतात आणि आपल्या कामाबद्दलच्या जबाबदारीची शपथ घेतात. १९२५ पासून चालत आलेल्या या विधीची संहिता रुडयार्ड किपलिंगने लिहिली. त्याचा जन्म मुंबईचा. लिहिताना, आराखडा काढताना ती अंगठी कागदावर घासत राहते.

पैसा कोणाचा, त्रास कोणाचा?

विद्यार्थ्याला पगार कंपनी देते. ओन्टारिओ प्रांताचे सरकार अशा विद्यार्थ्यांना कामावर घेणाऱ्या कंपन्यांना करसवलत देते. विद्यापीठ विद्यार्थ्याकडून को-ऑपचे वेगळे शुल्क घेते आणि त्यातून नोकऱ्या शोधणारी, कंपन्यांशी संबंध ठेवणारी मोठी यंत्रणा चालवते. सर्व विद्याशाखा मिळून वीस हजारांहून अधिक विद्यार्थी या पद्धतीने शिकतात, हे लक्षात घेतले की त्या यंत्रणेचा पसारा ध्यानात येईल. आपल्याकडे हेच काम ‘ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर’ या पदाची जादा जबाबदारी सांभाळणाऱ्या एखाद्या प्राध्यापकावर सोपवलेले असते. तो आठवड्याला आपले तास घेऊन उरलेल्या वेळात कंपन्यांना फोन करतो.

हे सारे गोड वाटत असले, तरी त्याला दुसरी बाजू आहे. वॉटर्लूच्या विद्यार्थ्याला पाच वर्षांत लांब सुटी अशी मिळतच नाही. दर चार महिन्यांनी बिऱ्हाड हलवायचे. कामाच्या गावी भाडे, विद्यापीठाच्या गावीही भाडे, असे दुहेरी ओझे अनेकांवर पडते. मित्रमंडळी जमते न जमते तोच पांगते. तुमचा गट वर्गात असताना जिवलग मित्राचा गट कामावर असू शकतो. मध्यावधी परीक्षा आणि मुलाखती एकाच आठवड्यात येतात. सर्वांत कठीण पहिली खेप. अठरा वर्षांच्या, काहीच अनुभव नसलेल्या मुलाला कोण घेणार? सगळ्या वर्गाला जागा मिळाल्या आणि आपणच उरलो, हे दुःख त्या वयात फार लागते. तेथील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याची चिंता विद्यापीठाला करावी लागली आहे, ती उगीच नव्हे.

बाजाराशी इतके जखडून घेतल्यावर बाजाराचे तडाखेही बसणारच. २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा अनेक कंपन्यांनी देऊ केलेल्या जागा रद्द केल्या आणि उरलेल्यांचे काम घरून सुरू झाले. मंदी आली की तिची झळ सर्वांत आधी अशा तात्पुरत्या जागांना लागते. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. सॉफ्टवेअरच्या विद्यार्थ्यांचे डोळे कॅलिफोर्नियाकडे लागलेले असतात. चांगल्या पगाराच्या कार्यसत्रांसाठी ते तेथे जातात आणि पदवीनंतर पुष्कळ जण तेथेच नोकरी धरतात. कॅनडाच्या करदात्यांच्या पैशातून अमेरिकी कंपन्यांसाठी अभियंते घडवले जात आहेत काय, हा प्रश्न तेथे वारंवार विचारला जातो. आयआयटीच्या संदर्भात हीच चर्चा गेली कित्येक दशके ऐकणाऱ्या आपल्याला त्यात नवीन काही वाटू नये.

याखेरीज एक मूलभूत शंका उरतेच. कंपनीला आज जे हवे ते शिकवणे म्हणजे शिक्षण काय? आज मागणी असलेली संगणकीय भाषा दहा वर्षांनी अडगळीत जाईल, गणित मात्र राहील. वॉटर्लूने यावर काढलेला तोडगा मला समंजस वाटतो. वर्गातले शिक्षण त्यांनी मुद्दाम तत्त्वप्रधान आणि बऱ्यापैकी कठीण ठेवले आहे. उद्याचे हत्यार हाताळायला उद्योगाने शिकवावे आणि ते का चालते हे विद्यापीठाने शिकवावे, अशी ही वाटणी आहे. आपल्याकडे ‘उद्योगाभिमुख अभ्यासक्रम’ म्हटले की नेमके उलट होते. तीन महिन्यांची एखादी सॉफ्टवेअरची शिकवणी वर्गात घुसवली जाते आणि गणिताचा एक पेपर कमी होतो.

आपल्याकडची वाट

भारतात या विचाराचा सर्वांत पद्धतशीर अवलंब केला तो पिलानीच्या बिट्सने. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९१६ पासून रासायनिक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘प्रॅक्टिस स्कूल’ चालत होते. साठच्या दशकात बिट्सच्या उभारणीत एमआयटीचे साह्य होतेच. सी. आर. मित्रा संचालक असताना, १९७३ मध्ये, बिट्सने याच नावाचा उपक्रम सुरू केला. दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात सुमारे दोन महिने आणि अंतिम वर्षात साडेपाच महिने, अशी त्याची दोन पर्वे आहेत. संस्थेचा प्राध्यापक विद्यार्थ्यांवर कामाच्या ठिकाणी देखरेख ठेवतो आणि अहवाल, चर्चा, सादरीकरण यांवर श्रेणी देतो, हे त्याचे वैशिष्ट्य. कारखान्यातील काम हा सुटीतला उद्योग न राहता गुणपत्रिकेतला विषय होतो. २००४ मध्ये झुआरीनगर येथे सुरू झालेल्या बिट्सच्या गोवा संकुलातही हीच पद्धत आहे.

महाराष्ट्राला तर या बाबतीत जुना वारसा आहे. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ साली सुरू झाले तेच सार्वजनिक बांधकामांसाठी माणसे तयार करण्याच्या हेतूने. मुंबईची व्हीजेटीआय १८८७ मध्ये उभी राहिली तेव्हा शहरातील कापड गिरण्यांना तंत्रज्ञ हवे होते. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे ‘यूडीसीटी’, १९३३ मध्ये स्थापन झाला. २००८ पासून तो ‘इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी’ या नावाने अभिमत विद्यापीठ आहे. त्याने निराळीच वाट धरली. तेथे विद्यार्थ्याआधी प्राध्यापक कारखान्यात गेले. मनमोहन शर्मा आणि त्यांच्या परंपरेतील अध्यापकांनी रासायनिक उद्योगांचे सल्लागार म्हणून काम केले आणि कारखान्यातील अडचणी संशोधनाचे विषय बनून माटुंग्याच्या प्रयोगशाळेत आल्या. आपला शिक्षक काल रिअॅक्टरपाशी उभा होता, हे ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला उद्योग परका वाटत नाही. डॉ. रेड्डीजचे के. अंजी रेड्डी, रिलायन्सचे मुकेश अंबानी, एशियन पेंट्सचे अश्विन दाणी ही या विभागाच्या माजी विद्यार्थ्यांतील काही नावे.

पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील ‘मेकॅनिकल सँडविच’ आणि ‘प्रॉडक्शन सँडविच’ या शाखा जुन्या वाचकांना आठवत असतील. सत्रभराचे कारखान्यातील प्रशिक्षण अभ्यासक्रमाच्या मध्ये ठेवलेले असल्यामुळे हे नाव. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना ही मुले हवी असत. कल्पना उत्तम असूनही ती सार्वत्रिक का झाली नाही, याचे कारण माझ्या मते शिक्षकांच्या वा विद्यार्थ्यांच्या इच्छाशक्तीपेक्षा संलग्नतेच्या व्यवस्थेत अधिक आहे. एका विद्यापीठाखाली शेकडो महाविद्यालये, त्यांचा अभ्यासक्रम एक, परीक्षेची तारीख एक. निम्मा वर्ग कामावर आणि निम्मा वर्गात, अशी विभागणी कोणतेही संलग्न महाविद्यालय स्वतःच्या बळावर करू शकत नाही. सगळी मुले एकाच वेळी, जून-जुलैत, मोकळी होतात आणि एकाच वेळी सगळ्या कारखान्यांच्या दारात उभी राहतात. दोन गट नाहीत म्हणून वर्षभर भरलेली जागा नाही. जागा भरलेली नाही म्हणून कंपनीला रस नाही.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात ‘इंटर्नशिप’ला श्रेयांक दिले. तेव्हापासून प्रत्येक महाविद्यालयाला आपले विद्यार्थी कोठेतरी पाठवावे लागतात, आणि मागणी आली की पुरवठाही होतो. घरबसल्या चार चित्रफिती पाहून प्रमाणपत्र देणाऱ्या कंपन्या निघाल्या. काही तर विद्यार्थ्याकडूनच पैसे घेतात. अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचे तेच. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून रात्र रात्र खपणारी मुले आहेत, तशी बांधून तयार असलेला प्रकल्प अहवालासकट विकत घेणारीही आहेत, आणि तोंडी परीक्षेत दोघांना मिळणाऱ्या गुणांत फार अंतर नसते. ‘औद्योगिक भेट’ या नावाखाली गोव्याला जाऊन आलेल्या वर्गांबद्दल न बोललेलेच बरे.

पदवीनंतरची एक वाट मात्र अनेकांना ठाऊकच नसते. १९६१ च्या उमेदवारी कायद्यात १९७३ मध्ये दुरुस्ती होऊन पदवी आणि पदविकाधारक अभियंतेही त्याच्या कक्षेत आले. त्यानुसार वर्षभराची पगारी उमेदवारी करता येते आणि विद्यावेतनाचा काही भार केंद्र सरकार उचलते. पश्चिम भारतासाठीचे उमेदवारी प्रशिक्षण मंडळ मुंबईत शीव येथे आहे. सार्वजनिक क्षेत्रातील मोठ्या कंपन्यांतही अशा जागा असतात.

स्वायत्तता मिळालेल्या महाविद्यालयांना आता वेळापत्रक स्वतः ठरवता येते आणि काहींनी अंतिम वर्षातील पूर्ण सत्र कंपनीत घालवण्याची सोय केली आहे. प्रवेशाच्या दिवसांत पालक महाविद्यालयाकडे ‘पॅकेज किती लागते?’ अशी चौकशी करतात आणि उत्तरादाखल त्यांना सर्वांत मोठा आकडा ऐकवला जातो. त्याऐवजी काही साधे प्रश्न विचारून पाहावेत. गेल्या वर्षी किती विद्यार्थ्यांनी सलग चार महिने किंवा अधिक काळ कंपनीत काम केले? त्यांपैकी किती जणांना विद्यावेतन मिळाले? काम चालू असताना महाविद्यालयातील कोणी तेथे जाऊन आले काय? त्या कामाचे गुण कोणी दिले, कंपनीतील वरिष्ठाने की महाविद्यालयातील लिपिकाने जमा केलेल्या प्रमाणपत्राने? आणि शिकवणाऱ्यांपैकी शेवटचे कोण, केव्हा, कोणत्या कारखान्यात काम करून आले आहे? माहितीपत्रकात यांची उत्तरे सापडत नाहीत. ती मिळवायला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांना कॅन्टीनमध्ये गाठावे लागते.